शूरदेहचं गोड पाणी

३ खोरदाद

शूरदेहला पोचले एकदाची. रश्तमधून निघताना पाऊस होता म्हणून छत्री घेतली होती. इथं बसमधून उतरल्यावर तीच छत्री उन्हासाठी उघडली, तर थांब्यावर बसलेले दोन म्हातारे खो खो हसले. एक जण म्हणाला, खानम, मिटून ठेवा ती, आमचं ऊन तिला भीक घालत नाही. मलाही हसू आलं. ज्या गावात उतरल्या उतरल्या कुणी चेष्टा करतं, तिथं आपलं निभावतं, असं माझी आई म्हणायची.

अख्तर घ्यायला आली होती. अख्तर म्हणजे इरजची थोरली बहीण, माझी नणंद. तिचाही नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, पदरात दोन मुलं आहेत. हसली की ती हुबेहूब इरज दिसते. तोच पुढचा वाकडा दात, तसेच मिटणारे डोळे. तिनं जवळ घेतलं आणि इरज गेल्यापासून पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी खांद्यावर मान टाकली.

भावाकडे मला कुणी त्रास दिला असं नाही. पण त्या घरात माझी जागा शिलाई मशीनच्या मागं होती. मशीन माझी, कोपरा वहिनीचा. अख्तरनं निरोप धाडला की इथं एक घर रिकामं आहे, भाडं नको, गावात धड शिवणारं कुणी नाही, दोघी मिळून राहू. आता दार माझं आणि चूलही माझी. संध्याकाळी उगाचच तीनदा कडी लावून उघडून पाहिली.

७ खोरदाद

इथल्या दिवसाचं गणित हळूहळू कळायला लागलंय. छपराखालचा एकच लांब रस्ता हाच बाजार. नानवाल्याची भट्टी उजाडताच पेटते. जाड, तिळाची रोटी हवी असेल तर पहिल्या रांगेत उभं राहायचं, नाहीतर करपलेल्या कडा मिळतात. दुपारी सगळं बंद. पहिल्या दिवशी मी दुपारी तेल आणायला बाहेर पडले तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सगळं गाव डोळ्यांवर फडकं टाकून झोपलेलं असतं.

रश्तमध्ये बाजारात शिरलं की मासळी, लसूण आणि ओल्या पालेभाजीचा वास यायचा. इथं सगळं वाळवलेलं: वाळका पुदिना, वाळकी वांगी, वाळक्या जर्दाळूंचे ढीग. भाजीचा ट्रक आठवड्यातून एकदा येतो आणि बायका त्याच्यावर तुटून पडतात. कालच्या गर्दीत एकीनं माझ्या हातातली काकडी काढून घेतली आणि वर मलाच म्हणाली, तुम्ही पाण्याच्या मुलखातल्या, तुम्हाला काकडीचं काय अप्रूप.

किराणा मशदी रजबकडे. गोल पोटाचा, बडबड्या माणूस. किती झाले विचारलं की म्हणतो, खानम, तुमच्यापुढं त्याची काय किंमत. मग आपण आग्रह करायचा, त्यानं नको म्हणायचं, पुन्हा आग्रह, पुन्हा नको, आणि तिसऱ्या खेपेला त्यानं निमूट आकडा सांगायचा. ही रीत आमच्याकडेही आहे, पण पाऊस येईल या धाकानं आम्ही ती भरभर उरकतो. इथले लोक चवीनं करतात.

घरात सगळ्यात मोठं सुख म्हणजे मागच्या खोलीतून थेट जमिनीखाली उतरणाऱ्या पायऱ्या. खाली गावाची नहर वाहते, डोंगरापासून भुयारातून आलेली. सभोवार मिठाचं वाळवंट आणि पायाखाली असं गोड, गार पाणी. मी दुपारची तिथंच बसून बटणं लावते. खालून येणाऱ्या गारव्यात कुणीतरी नुकतंच आंघोळ करून गेल्यासारखा वास असतो.

१५ खोरदाद

शिवणकाम चांगलं चाललंय. मशदी रजबकडे दोरा घ्यायला गेले होते. त्यानं सात रंगांच्या रिळांसोबत एक आरसाही बांधून दिला. म्हणाला, आरसा नसलेलं घर म्हणजे खिडकी नसलेलं घर. गेल्या आठवड्यात पितळेचे दोन मेणबत्तीदान दिले होते. वीज जाते म्हणे. मी पैसे काढले. तो नको म्हणाला. मी आग्रह केला, पुन्हा केला, तिसऱ्यांदाही केला. त्यानं घेतलेच नाहीत. चौथ्यांदा आग्रह करायची वेळ माझ्यावर आयुष्यात कधी आली नव्हती. पैसे परत पिशवीत टाकले.

दुकानात आगा सैफुल्ला बसले होते. नहरीच्या पाळ्या लावणारे, कुणाच्या बागेला पाणी कधी ते ठरवणारे. गावात त्यांच्यावर कुणी नाही. त्यांनी विचारलं की आमच्या पाण्याचा एक वाटा तुमच्या नावावर केला तर घ्याल ना. पाण्याचा वाटा म्हणजे इथं शेतजमिनीपेक्षा मोठी चीज. मी रीतीप्रमाणे म्हटलं की एवढी माझी पात्रता नाही, तुमची सावली आहे तेवढी पुरे.

अख्तरला सांगितलं तर तिनं माझ्या गालाला हात लावला. म्हणाली, गावानं तुला आपलं मानलंय, आता ओशाळू नकोस.

२४ खोरदाद

या वर्षी पाणी फार उतरलंय. डाळिंबाच्या बागा कडेनं तांबूस पडायला लागल्यात, बायका रांगेत तेवढंच बोलतात. आगा सैफुल्लांनी आज रस्त्यातच दुसऱ्यांदा विचारलं. असल्या दिवसांत परक्या बाईला पाण्याचा वाटा! खाली बघून हसले आणि पुढं झाले.

दुपारी पायऱ्यांच्या तोंडाशी डोळा लागला. जागी झाले तेव्हा घागऱ्याची किनार गुडघ्यापर्यंत चिंब होती. खाली डोकावले, पाणी होतं तिथंच होतं, तळाशी, घोटाभर. पायऱ्या मात्र वरपर्यंत ओल्या. झोपेत खाली उतरले असेन. इरज गेल्यावर काही दिवस मी झोपेत चालत होते, वहिनी सांगायची.

२ तीर

आज गंमत झाली. नानवाल्याच्या रांगेत उभी होते, आगा सैफुल्ला आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, "फरंगीस खानम, आमच्या पाण्याशी नातं जोडून इथल्याच होऊन राहाल का?" तिसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. मागच्या म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, बोल की गं, तिसऱ्या खेपेला तर नवरीसुद्धा तोंड उघडते.

रांग हसत होती. मीही चेष्टेनं मान खाली घातली, डोक्यावरच्या चादरीचं टोक दातात धरलं आणि नवरीसारखंच म्हटलं, "वडीलधाऱ्यांच्या परवानगीनं, हो."

बायकांनी जिभा हलवून लग्नातला तो लांब, तीक्ष्ण आवाज काढला. नानवाल्यानं साखरेत घोळलेल्या बदामांची मूठ माझ्या डोक्यावर उधळली. घरी आल्यावर केसांतून ते बदाम वेचताना एवढंच मनात आलं की रोटीच्या दुकानात हे बदाम आले कुठून. आणि आगा सैफुल्ला हसले नव्हते. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले होते.

५ तीर

सकाळी घर झाडायला काढलं. मशदी रजबकडून आलेल्या वस्तू पुसून एका चादरीवर मांडत गेले. आरसा. आरशाच्या दोन बाजूंना मेणबत्तीदान. साखरेचे दोन शंकू, जे मी मागितले नव्हते. मधाची वाटी. मेंदी. धुरासाठी इस्पंदचे दाणे. सात रंगांचे दोरे. पांढऱ्या कापडाचा अख्खा तागा. त्यातून एका बाईच्या मापाचा झगा शिवायला त्यानं सांगितलं होतं आणि माप तुमच्याच अंगाचं घ्या म्हणाला होता, ती बाई तुमच्याच बांध्याची आहे.

मी जमिनीवर बसून राहिले. या मांडणीसमोर मी एकदा बसलेली आहे. इरज शेजारी होता, आमच्या डोक्यांवर धरलेल्या कापडावर बायका साखरेचे शंकू घासत होत्या, आणि तेव्हाही मी दोनदा गप्प राहून तिसऱ्यांदा हो म्हटलं होतं.

आधी राग आला. वाटलं, अख्तरनं परस्पर माझं दुसरं लग्न ठरवलंय, बहुधा त्या ढेरपोट्या रजबशीच. तशीच तिच्याकडे गेले. ती कणीक मळत होती. नवरा कोण ते सांग, म्हटलं. तिनं वर न बघता सांगितलं, माणूस नाही गं. नहर आहे.

तिच्या म्हणण्याप्रमाणे ही फार जुनी रीत. काही नहरी बाई असतात, काही पुरुष. शूरदेहची पुरुष आहे. त्याला बायको नसली की तो रुसतो, आटतो. गावानं एखादी विधवा त्याला द्यायची. तिनं अधूनमधून पाण्यात उतरायचं, बस. बदल्यात घर आणि पाण्याचा वाटा तहहयात. आधीची बायको बीबी नीमताज हिवाळ्यात गेली. ती याच घरात राहायची. नुसती रीत आहे, ती म्हणाली, कुणाचं काय जातंय.

मला त्या वेळी घरच दिसत होतं. दार माझं, चूल माझी. मी हसले, असंही म्हणता येईल. फक्त एक लक्षात राहिलं: बोलताना ती सारखी 'तो' म्हणत होती.

८ तीर

आज बायकांनी मला खाली नेलं. लग्न अजून व्हायचंय, १३ तीरला; ही नुसती भेट. डफ वाजवत आल्या, हातांना मेंदी लावली, थट्टा करत होत्या. एकीनं तर विचारलं की पहिल्या नवऱ्यापेक्षा हा गार निघाला तर तक्रार कुणाकडे करशील. शेवटच्या पायरीवर त्यांनी मला सोडलं आणि मागं सरल्या. अख्तर तर वरच थांबली. पायऱ्यांना तिनं पायसुद्धा लावला नाही.

पाण्यात पाय टाकला. नहरीचं पाणी वाहतं असतं, पायाला त्याची ओढ कळते. माझ्या पायांभोवतीचं पाणी वाहायचं थांबलं. घोट्याला वेढून बसलं. मग पोटरीला. कुणी हातानं चाचपत वर यावं तसं. मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं.

वर आल्यावर सगळ्यांनी माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. संध्याकाळी बागांच्या पाटांतून पाणी खळखळत होतं आणि लोक माझ्या दारावरून जाताना आवाज खाली आणत होते.

९ तीर

बीबी नीमताजच्या कबरीवर मेणबत्ती लावावी म्हणून कब्रस्तानात गेले. सगळे दगड पाहिले. तिचा नाही. तिथल्या राखणदाराला विचारलं तर त्याला माझ्याच प्रश्नाचं नवल वाटलं. तो म्हणाला, "ती इथं कशी असेल, खानम? ती नवऱ्याकडे आहे."

दुपारी खोलीतच झोपले, पायऱ्यांपासून लांब. उठले तेव्हा गादीवर माझ्या शेजारी ओल होती. माणसाच्या लांबीची. उशीला खळगा पडलेला.

१० तीर

रोटी आणायला गेले. नानवाल्यानं हात जोडले आणि नवरीनं रांगेत उभं राहू नये म्हणाला, घरी पोचेल. मशदी रजबनं मीठ दिलं नाही. खाटकानं पाठ फिरवली, अगदी आदरानं. दही नाही, रॉकेल नाही, काड्यापेटी नाही. सगळे छातीवर हात ठेवून, मान झुकवून नाही म्हणत होते. घरी आले तर हे सगळं दारात रचून ठेवलेलं. टोपल्यावर ओला, पांढरा रुमाल.

इथं मला आता काहीच विकत घेता येणार नाही. बसचं तिकीटसुद्धा.

११ तीर

तरी गेले. बसवाल्यानं आधी ओळखलं नाही. मग माझ्या हातांवरची मेंदी दिसली. त्यानं पिशवी खाली उतरवली, धुळीत नाही, स्वतःचा कोट पसरून त्यावर. उतारूंनी माझ्यासाठी वाट केली. उतरण्यासाठी.

मशदी रजब मागून आला, पिशवी उचलून घरापर्यंत चालत राहिला. वाईट माणूस नाही तो. मला बरं वाटावं म्हणून बोलत होता. म्हणाला, अख्तर खानमवर रागावू नका. पाळी खरं तर तिचीच होती. गावात या वयाची विधवा तीच. सैफुल्लांनी तिला हिवाळ्यातच सांगितलं होतं. ती रडली, मुलांची शपथ घातली, आणि मग म्हणाली, माझी एक भावजय आहे, रश्तला.

हिवाळ्यात. तिचा निरोप आला तेव्हा अजून बर्फ होतं. त्यात लिहिलं होतं, तुझ्याशिवाय मला कोण आहे—

१२ तीर

अख्तर आली. मी काही बोलायच्या आधीच पायाशी बसली. नाकारलं नाही तिनं. "तू नसतीस तर मी असते, फरंगीस. माझी पोरं लहान आहेत. तू माझ्या जागी काय केलं असतंस?" मी म्हटलं, मी तुझ्या दारात येऊन बसले असते आणि आपण दोघी मिळून पळालो असतो. तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, तर मग पळू.

तिच्या दिराचा टरबुजांचा ट्रक उद्या दुपारी येतो. गाव झोपलेलं असताना ती, मुलं आणि मी. गल्लीतल्या बायकांना संशय नको म्हणून पांढरा झगा घालून तयार बस, मी घ्यायला येते, म्हणाली. माझी काळी चादर तिनं सोबत नेली; तीत मला लपवून नेईल. जाताना तिनं माझे केस धुतले, विंचरले. आरशात आम्ही दोघी दिसत होतो. ती हसली.

इरजच. अगदी इरजच.

मी विश्वास ठेवला आहे. दुसरं कोण आहे?

१३ तीर, दुपार

झगा घातला. डोळ्यांत सुरमासुद्धा. रस्ता शांत आहे. कडी आतून लावली आहे, तिच्या आवाजाशिवाय उघडणार नाही.

ट्रक आला. अख्तरच्या दारात थांबलाय. धक्क्याधक्क्यानं सामान चढतंय. एवढं सामान कशाला—

गच्चीवर जाऊन पाहिलं. मुलं मागं टरबुजांत बसली आहेत. गालिचे, शिलाईचा डबा, पितळेची भांडी. ड्रायव्हरजवळ माझी काळी चादर पांघरून कुणीतरी बसलंय. मी हाक मारली. मोठ्यानं मारली.

चादरीनं मान वळवली नाही.

ट्रक गेला.

म्हणजे माझ्यानंतर पुन्हा पाळी तिचीच आली असती. हे मला कळायला हवं होतं. तिला सुटायचं होतं आणि गावानं तिला सोडावं म्हणून मी इथं सजून बसले आहे. कुणी मला बांधलं नाही. केससुद्धा मीच पुढं केले.

चादरीशिवाय बाहेर— नाही, जाते. तशीच जाते. पांढऱ्यात. मिठावरून चालत. मेले तर मेले—

गल्लीत बायका बसल्या आहेत. दोन्ही टोकांना. सगळ्या. दुपारी कुणी झोपलेलंच नाही. सैफुल्लांनी मला पाहून छातीवर हात ठेवला.

परत आत. कडी लावली. पेटी सरकवून लावली.

डफ. पण गल्लीतून नाही. खालून. सगळ्या घरांच्या पायऱ्या त्याच नहरीत उतरतात, त्यांना माझं दार लागतच नाही. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. त्याला कडी आहे, पण पलीकडून. पायऱ्यांच्या बाजूनं.

डफ थांबला.

बायका बोलत नाहीत आता. मला न्यायला येतील असं धरून चालले होते. पण आमच्यात तर नवराच नवरीच्या घरी येतो, आमच्यात तर नवरा

एकच पाऊल. ओलं. पायरी. पुन्हा. दाराखालून गारवा, आणि तो वास, आंघोळीचा— मशीन दाराला लावलीय— कडी हलतेय, हळू, अगदी रीतीनं, एकदा टकटक करून थांबला. मी गप्प. पुन्हा टकटक. गप्प. तिसऱ्यांदा मी काही बोलणार नाही, काही झालं तरी तोंड उघ